निदानापूर्वीचे दिवस

वृद्ध आईच्या किंवा वडिलांच्या मेंदूविषयीच्या तपासण्या सुरू झाल्या, की घरातील माणसांना रोगापेक्षाही अनिश्चितताच अधिक जाचते. हाड मोडले तर ते क्ष-किरण चित्रात दिसते आणि शंका संपते. मज्जासंस्थेच्या विकारांत असे क्वचितच घडते. एक तपासणी दुसरीकडे बोट दाखविते, दुसरी तिसरीकडे, आणि मध्यंतरी आठवडे लोटतात. या अवधीत कुटुंबाने काय समजून घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

उदाहरणादाखल रायपूरमधील एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. छत्तीसगढवर अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केल्यानंतरही, पुढे थेट १९५६ पर्यंत, रायपूरचा कारभार नागपूरशी बांधलेला राहिला. त्या निमित्ताने आलेली मराठी घरे तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांतून स्थिरावली. ‘नागपूरला दाखवून आणू’ ही या घरांतील जुनी सवय त्याच नात्याची खूण होय. रायपूरला वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये निघाले व त्याचे रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘मेकाहारा’ झाले. २०१२ पासून तेथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही आहे. तरीही पहिला वाद बहुधा सुमारे तीनशे किलोमीटरांच्या त्या प्रवासावरूनच होतो. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात गैर काही नाही. मात्र पहिल्या तपासण्या अर्धवट टाकून केलेली धावपळ वृद्ध रुग्णास थकविते आणि तज्ज्ञासही फारसे काही सांगू शकत नाही.

आता समजा, सत्तरी ओलांडलेली आई वर्षभरात पाय घासत चालू लागली आहे, कामे विसरते आणि कधी कधी न्हाणीघरापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तिला लघवी होते. थोरला मुलगा म्हणतो, वय झाले. मुलीला अल्झायमरची भीती वाटते, तर धाकट्याला पार्किन्सनची. शेजारचे वयस्कर गृहस्थ मात्र विचारतात, “लहानपणी तिवरा फार खाल्ला होता का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तिवरा म्हणजे खेसरी. विदर्भात तिला लाख किंवा लाखोळी म्हणतात. छत्तीसगढात धानाचे पीक उभे असतानाच ओलसर बांधीत ती फेकून पेरण्याची पद्धत आहे. पाऊस दगा देतो तेव्हाही ती तग धरते, आणि म्हणूनच दुष्काळात गरिबाच्या ताटात तिच्यावाचून दुसरे काही उरत नसे. अशी महिनोन्महिने केवळ तिच्यावर गुजराण केलेल्यांचे पाय ताठर होऊन त्यांना काठीचा आधार घ्यावा लागे. सागरकडील अशा रुग्णांचे वर्णन इंग्रज अधिकारी स्लीमन याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. त्यामागील विषारी अमिनो आम्ल १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. तथापि हा विकार बहुधा तरुणपणी जडतो, एकदा जडल्यावर सहसा वाढत नाही आणि बुद्धीला स्पर्श करीत नाही. वर्षभरात चाल बिघडलेल्या व विसरू लागलेल्या आईच्या बाबतीत तिवऱ्याचे उत्तर लागू पडत नाही. याच्या उलट चूकही घडते. ज्यांचे पाय पूर्वीपासूनच ताठर आहेत, त्यांच्या नव्या दुखण्याकडे ‘हे तर जुनेच’ म्हणून दुर्लक्ष होते.

वैद्य प्रथम साध्या गोष्टी शोधतो, आणि कुटुंबाने त्याला कमी लेखू नये. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, गलग्रंथीची मंदावलेली क्रिया, झोपेच्या किंवा अन्य गोळ्यांचा परिणाम, उदासीनता, पडल्यानंतर कवटीखाली हळूहळू साठलेले रक्त, ही सर्व कारणे विस्मरण उत्पन्न करू शकतात व त्यांवर उपचार आहेत. म्हणून घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. दोन महिन्यांपूर्वी मोरीत पाय घसरल्याची क्षुल्लक वाटणारी हकीकतही सांगावी.

त्यानंतर स्मरणशक्तीची प्रश्नोत्तरे होतात. जगभर रूढ असलेली तीस गुणांची परीक्षा १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. वाचणारा, लिहिणारा, आकडेमोड जाणणारा मनुष्य तीत गृहीत धरलेला आहे. हरियाणातील बल्लभगढ येथील निरक्षर ग्रामस्थांसाठी तिचे हिंदी रूप सिद्ध करण्यात आले व ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वाक्य लिहावयास सांगण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगावयास सांगितले जाते. परंतु जन्मभर घरात मराठीच बोललेल्या आईला रायपूरच्या दवाखान्यात हिंदीतून प्रश्न विचारले, तर तिचे अडखळणे रोगाचे की भाषेचे, हे ठरविणे कठीण. ही अडचण आधीच सांगावी. प्रश्न मराठीत करून देण्यास हरकत नाही. उत्तर मात्र सुचवू नये. आई अडली की तिची लाज राखण्यासाठी मुलगा पटकन उत्तर देतो. माया समजण्यासारखी आहे, पण गुण त्यामुळे मुलाचे मोजले जातात.

चुंबकीय चित्रणाच्या वेळी आणखी एक प्रसंग उद्भवतो. यंत्राच्या खोलीत धातूची वस्तू नेता येत नाही; मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सर्व उतरवावी लागतात. पन्नास वर्षे गळ्यातून न निघालेले मंगळसूत्र अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून दारातच काढावे लागले, की आई घाबरते आणि त्या नळीत स्थिर पडून राहणे तिला अशक्य होते. हे आदल्या दिवशी घरी सांगावे. हळदीचा साधा दोरा गळ्यात बांधून घेतला तर बहुतेक वृद्ध स्त्रियांचे समाधान होते. यंत्राचा ठोकल्यासारखा मोठा आवाज होतो, हेही सांगून ठेवावे. हृदयात गतिकारक बसविलेला असल्यास मात्र ती गोष्ट वैद्याला सर्वांआधी कळली पाहिजे.

“मला काय झाले आहे?” असे आई या दिवसांत विचारतेच. “काही नाही” हे उत्तर तिला पटत नाही. तपासण्या होताना ती पाहतच असते. “अजून कळलेले नाही, दोन तपासण्या राहिल्या आहेत” हे उत्तर खरे आहे आणि तिला पेलण्याजोगेही. मुलांनी दाराआड कुजबुजत घेतलेले निर्णय तिच्या कानी पडल्यावाचून राहत नाहीत.

चाल, विस्मरण आणि लघवी ही तिन्ही लक्षणे एकत्र आली व चित्रणात मेंदूतील पोकळ्या रुंदावलेल्या दिसल्या, तर तज्ज्ञ एका विशिष्ट विकाराचा विचार करतो. कोलंबियाचे शल्यविशारद सालोमोन हाकीम यांनी अमेरिकेतील रेमंड अॅडम्स व अन्य सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. यात मेंदूभोवतीचे पाणी नीट शोषले न जाता साचून राहते. ते नळीवाटे पोटात उतरविल्यास अनेकांची चाल सुधारते, स्मरणशक्ती मात्र तितकी नाही. त्यापूर्वी कमरेतून तीस ते पन्नास मिलिलिटर पाणी काढून आधीची व नंतरची चाल मोजतात. सुधारणा कधी काही तासांनी, तर कधी दुसऱ्या दिवशी घरी दिसते, आणि तेथे वैद्य नसतो. म्हणून पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आई किती पावलांत व किती वेळात जाते, हे पाणी काढण्यापूर्वीच मोजून कागदावर लिहून ठेवावे, आणि परतल्यावर तेच अंतर तिला पुन्हा चालावयास सांगावे.