परसबागेतील भाजीपाल्यावरील रोग व किडी : ओळख आणि उपाय

घरामागील मोकळ्या जागेत वांगी, मिरची, भेंडी व टोमॅटो यांचे दोन-चार वाफे आणि कुंपणावर दुधी भोपळ्याचा अथवा कारल्याचा वेल असला म्हणजे लहान कुटुंबाची रोजच्या भाजीची सोय होते. परंतु शेतातील पीक आणि परसातील पीक यांत एक महत्त्वाचा भेद आहे. परसातील वांगे सकाळी झाडावर असते व दुपारी मुलाबाळांच्या ताटात असते. मुले वाफ्यांजवळच खेळतात, कोंबड्या तेथेच चरतात. म्हणून येथे रोपावर काही विकृती दिसताच “कोणते औषध मारावे?” असा प्रश्न प्रथम विचारणे योग्य नव्हे. “झाडाला नेमके काय झाले आहे?” हा पहिला प्रश्न होय.

रोग नसलेले ‘रोग’

परसबागेतील पुष्कळशा तक्रारींचे मूळ रोगात किंवा किडीत नसून पाण्यात व जमिनीत असते. मोरीचे पाणी दिवसभर एकाच वाफ्यात मुरत राहिले म्हणजे मुळांना हवा मिळत नाही. माती ओली असूनही रोप मलूल दिसते. अशा रोपास आणखी पाणी घातल्यास ते मरते. मोरीचे पाणी लहान पाटाने पाळीपाळीने निरनिराळ्या वाफ्यांत फिरवावे व साबणाचे दाट पाणी बागेत सोडू नये.

खालची जुनी पाने सारखी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्राची उणीव असते. चांगले कुजलेले शेणखत द्यावे. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहत असतील तर ती लोहाची उणीव समजावी. चुनखडीच्या जमिनीत ती विशेष आढळते.

टोमॅटोच्या बुडाशी काळा, दबलेला व चामड्यासारखा डाग पडतो. यास कीड कारण नसते. पाणी कधी फार तर कधी मुळीच नाही असे झाल्याने फळास चुना, म्हणजे कॅल्शियम, पुरेसा पोहोचत नाही. बेताचे व नियमित पाणी आणि बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन एवढ्याने पुढील फळे चांगली येतात.

मर रोगाची परीक्षा

टोमॅटोचे किंवा वांग्याचे हिरवेगार झाड एकाएकी माना टाकू लागले तर त्याच्या बुंध्याजवळील खोडाचा एक तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा धरावा. काही मिनिटांत कापलेल्या भागातून दुधासारखी धार खाली उतरू लागली तर तो जिवाणूंमुळे होणारा मर रोग होय. रोगट झाड वाचविण्यास उपाय नाही. ते मुळांसकट उपटून जाळावे व त्या वाफ्यात काही वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची व बटाटा न लावता मका किंवा कांदा घ्यावा.

मिरचीवरील चुरडा-मुरडा

मिरचीची पाने आकसली की सर्वजण त्यास ‘बोकड्या’ म्हणतात. परंतु त्याची कारणे निरनिराळी असतात. पानांच्या कडा वरच्या बाजूस वळून पान होडीसारखे दिसत असेल तर फुलकिड्यांचा उपद्रव समजावा. कोवळा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकल्यास बारीक, पिवळसर किडे धावताना दिसतात. पाने खालच्या बाजूस वळून देठ लांबट झाले असतील तर तो कोळी होय. कोळी हा कीटक नसल्याने कीटकनाशकाचा त्यावर बहुधा उपयोग होत नाही. पाण्यात मिसळणारे गंधक १ लिटर पाण्यास ३ ग्रॅम या प्रमाणात फवारावे. मात्र कडक उन्हात गंधक फवारल्यास पाने करपतात. पाने बारीक व गुच्छासारखी होऊन झाड खुजे राहिले असेल तर तो पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणुरोग असण्याचा संभव असतो. असे झाड उपटून टाकावे.

वांगी व भेंडी

वांग्याच्या झाडाचा एखादाच शेंडा लोंबू लागला तर आत शेंडे व फळे पोखरणारी अळी आहे, असे निश्चित समजावे. छिद्राच्या खालून शेंडा कापून अळीसह नष्ट करावा. फळावर दिसणारे मोठे छिद्र हे बहुधा अळी बाहेर पडल्याचे चिन्ह असते; तिचा आत शिरण्याचा मार्ग इतका बारीक असतो की तो सहज दिसत नाही. त्यामुळे छिद्र पाहून मग औषध मारण्याने काहीच साधत नाही. किडकी फळे तोडून खोल पुरावीत आणि झाडाखालील पालापाचोळा गोळा करून जाळावा, कारण अळीचा कोष तेथेच असतो.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून सर्व पान पिवळे जाळीदार दिसू लागले म्हणजे तो केवडा रोग होय. हाही पांढरी माशीच पसरविते. पहिले रोगट झाड दिसताच उपटल्यास इतर झाडे वाचण्याची आशा असते. परभणी क्रांती, अर्का अनामिका यांसारख्या प्रतिकारक जाती या रोगासाठीच निवडल्या गेल्या. मात्र त्यांची प्रतिकारशक्ती काही भागांत पुढे उणावल्याने त्यांवरही लक्ष ठेवावे लागते.

वेलभाज्या

“भोपळा धरतो आणि गळतो” ही तक्रार नेहमीची आहे. गळणारे फळ कापून पाहावे. आत बारीक पांढऱ्या अळ्या आढळल्यास तो फळमाशीचा उपद्रव होय. गळालेली फळे तशीच पडू देऊ नयेत. खोल खड्ड्यात पुरावीत व कोवळ्या फळांवर कागदी पिशव्या बांधाव्यात. अळ्या नसतील तर परागीभवन झालेले नाही असे समजावे. दुधी भोपळ्याची फुले सायंकाळी उमलतात. त्या वेळी ताजे नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, बुडाशी इवले फळ असलेल्या मादी फुलास ते हलकेच लावावे.

मित्रकीटकांचा सांभाळ

पपईवरील पिठ्या ढेकूण हा कीटक परदेशातून येऊन २००८ साली कोइमतूर भागात प्रथम आढळला व पुढे अन्य राज्यांत पसरला. औषधांनी तो आटोक्यात येईना. अखेर २०१० साली पोर्तो रिकोमधून त्याचे परोपजीवी कीटक आणून सोडण्यात आले आणि त्या चिमुकल्या कीटकांनी त्याचा जोर मोडला. परसातही ढालकिड्याच्या काळसर अळ्या मावा खाऊन फस्त करीत असतात. विषारी औषध मारले म्हणजे आधी हे मित्र मरतात व मावा दुणावतो.

निंबोळी अर्क

मावा, तुडतुडे, पांढरी माशी व लहान अळ्या यांवर ५ टक्के निंबोळी अर्क उपयुक्त आहे. वाळलेल्या निंबोळ्यांची ५०० ग्रॅम भरड फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजत घालावी. सकाळी पुरचुंडी वारंवार पिळून अर्क काढावा व एकूण द्रावण १० लिटर होईल इतके पाणी घालावे. थोडा साबणचुरा मिसळून, गाळून, त्याच दिवशी सायंकाळी फवारावा. उन्हाने अर्काचा गुण लवकर नाहीसा होतो. पानांची खालची बाजू भिजली पाहिजे.

एक गंभीर इशारा

कपाशीवर मारून उरलेले औषध परसातील भाजीवर मारण्याची पद्धत सर्वथा टाळावी. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरण्यास २००५ साली बंदी झाली. एंडोसल्फानवर २०११ साली न्यायालयाने बंदी घातली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. जे औषध शेतात फवारणाऱ्याच्या जिवावर उठते, ते चुलीपासून दहा पावलांवर वापरण्याजोगे कसे असेल? बाटलीवरील लाल त्रिकोण अतिविषारीपणाची खूण आहे. अशी बाटली घरात ठेवू नये व रिकामी झाल्यावर तिच्यात तेल-पाणी भरू नये. विषबाधेचा संशय येताच रोग्यास बाटलीवरील चिठ्ठीसह तत्काळ दवाखान्यात न्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एक परसबाग निवडून तेथे भगिनींना खोडाची परीक्षा, शेंडे कापणे व निंबोळी अर्क तयार करणे यांची प्रात्यक्षिके करून दाखवावीत. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडी गळतात. त्या वेळीच गोळा करून, सावलीत वाळवून ठेवण्यास सांगावे. रोज सकाळी पाव घटका पाने उलटून पाहण्याची सवय लागली तर बहुतेक किडी हातानेच आवरता येतात व भाजी निर्धास्तपणे ताटात वाढता येते.