पेट्रोलच्या टाकीतले पाणी

२०२५ सालच्या जूनअखेर मध्य प्रदेशातील रतलाम येथे एक अजब प्रकार घडला. मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्यासाठी निघालेल्या ताफ्यातील १९ गाड्यांनी रात्री एकाच पंपावर डिझेल भरले आणि थोडे अंतर जाताच एकेक गाडी बंद पडू लागली. टाक्या खाली उतरवून पाहिल्या तर डिझेलबरोबर पाणी! एका गाडीत २० लिटर डिझेल भरले होते, त्यात निम्मे पाणीच निघाले, असे वृत्तपत्रांनी छापले. पंपाला सील लागले. पावसाचे पाणी टाकीत झिरपले असावे, असा खुलासा पंपाकडून झाला.

ताफा मुख्यमंत्र्यांचा होता म्हणून त्याची बातमी झाली. तुमच्या गुरुजींची स्कूटर अशी बंद पडली असती तर त्यांनी ती ढकलत गॅरेजपर्यंत नेली असती, प्लग बदलून घेतला असता आणि पदरचे पैसे मोजून घरी आले असते. पाणी कोठून आले आणि ते कोणी पाहायला हवे होते, हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. तो आज आपण विचारू या. त्यासाठी आधी पाणी आणि पेट्रोल यांचे एकमेकांशी कसे जमते ते पाहिले पाहिजे.

दिवाळीत काही घरी काचेच्या पेल्यात अर्धे पाणी घालून त्यावर तेल ओततात आणि तरंगती वात लावतात. पेला भरलेला दिसतो, तेल थोडेच लागते. तेल संपत आले आणि वातीला पाणी लागले की ज्योत तडतडते आणि विझते. मोटारगाडीच्या टाकीत आणि पंपाच्या भूमिगत टाकीतही हेच दोन थर असतात. पाण्याची घनता घनमीटरला १००० किलोग्रॅम. पेट्रोलची १५ अंश सेल्सिअसला ७२० ते ७७५, डिझेलची सुमारे ८१० ते ८४५. म्हणून पाणी नेहमी तळाशी जाते. फरक इतकाच, की पेल्यातली वात तेल वरून घेते आणि गाडीचा पंप ते तळाजवळून ओढतो. दिव्याला पाणी शेवटी भेटते, गाडीला ते सर्वांत आधी भेटते.

इंजिनात गेलेले पाणी काय करते? ते जळत तर नाहीच, उलट त्याची वाफ होताना दर ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी उष्णता खाते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते, पण पेटायला काही नसते. डिझेलच्या गाडीचे दुखणे याहून महागडे असते. तिच्या इंधनपंपाला वंगण म्हणून डिझेलच उपयोगी पडते. आजच्या इंजिनांत हा पंप हजार वातावरणांहून अधिक दाब निर्माण करतो. तेथे डिझेलऐवजी पाणी आले की धातूवर धातू घासतो आणि गंजही चढतो. शिवाय पाणी आणि डिझेल जेथे एकमेकांना टेकतात त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू सुखाने वाढतात. अन्न वरच्या थरात, पाणी खालच्या थरात, अशी त्यांची सोय असते. त्यांचा काळपट गाळ गाळण्या तुंबवतो.

येथवरची गोष्ट सोपी आहे. गुंतागुंत पुढे आहे, कारण आज आपल्या पंपांवर मिळणारे पेट्रोल हे नुसते पेट्रोल राहिलेले नाही. आपल्या साखर कारखान्यांत आणि धान्यावर चालणाऱ्या आसवन्यांत तयार होणारे इथेनॉल त्यात मिसळलेले असते. जून २०२२ मध्ये देशात १० टक्के मिश्रणाचे लक्ष्य गाठले गेले. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले.

साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही. लिटरभर पेट्रोलमध्ये फार तर दोन-तीन थेंब. पाण्याचे रेणू ध्रुवीय असतात. ते एकमेकांना हायड्रोजन-बंधांनी धरून राहतात आणि पेट्रोलच्या अध्रुवीय हायड्रोकार्बन रेणूंना आपल्यात जागा देत नाहीत. इथेनॉल हा मात्र दोन्ही घरचा पाहुणा. त्याच्या रेणूचे एक टोक हायड्रॉक्सिल गटाचे आहे, ते पाण्याशी बंध जोडते. दुसरे टोक हायड्रोकार्बनचे आहे, ते पेट्रोलमध्ये सुखाने राहते. म्हणून १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल नेहमीच्या तापमानाला सुमारे अर्धा टक्का, म्हणजे लिटरला चहाच्या चमचाभर पाणी आपल्यात विरघळवून घेऊ शकते. मिश्रण स्वच्छ दिसते, गाडीही चालते. थोड्याशा पाण्याच्या बाबतीत हा गुणच आहे. थंड देशांत इंधनाच्या नळीत पाणी गोठू नये म्हणून लोक टाकीत मुद्दाम अल्कोहोल घालत असत.

पण पाणी या मर्यादेपलीकडे गेले, किंवा तापमान उतरून मर्यादाच खाली आली, की वेगळेच घडते. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाण्याची ओढ अधिक. पाण्याचा थर वेगळा होऊन खाली बसतो आणि जाताना इथेनॉलचा मोठा भाग आपल्याबरोबर घेऊन जातो. याला प्रावस्था-विलगन म्हणतात. आता तळाशी नुसते पाणी नसते, पाणी आणि इथेनॉल यांचा जाड थर असतो. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक उतरतो, कारण तो वाढवणारे इथेनॉलच निघून गेलेले असते. म्हणजे वरचाही माल बिघडला आणि खालचाही.

आकडे घेऊन पाहू या. पंपावरची भूमिगत टाकी म्हणजे आडवे ठेवलेले लंबवर्तुळाकृती नव्हे, साधे गोल पिंप, म्हणजे आडवी वृत्तचिती. तिचा व्यास २ मीटर आणि लांबी ६.४ मीटर धरा. पूर्ण भरली तर सुमारे २०,००० लिटर मावतील. ती निम्मी भरलेली आहे, म्हणजे आत १०,००० लिटर पेट्रोल आहे. पावसात झाकणाच्या फटीतून ६० लिटर पाणी आत आले. साधे पेट्रोल असेल तर हे पाणी तळाशी बसेल. त्याची उंची किती होईल? तळाशी साचलेल्या पाण्याचा काप म्हणजे वर्तुळखंड. उंची कमी असताना त्याचे क्षेत्रफळ सुमारे जीवा गुणिले उंची गुणिले दोन-तृतीयांश इतके येते. उत्तर येते सुमारे ३ सेंटीमीटर. तेल ओढणाऱ्या नळीचे तोंड तळापासून समजा १० सेंटीमीटर वर आहे. म्हणजे पाणी खालीच राहील आणि ग्राहकाला चांगले पेट्रोल मिळत राहील.

आता पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आहे असे धरा. टाकीत १००० लिटर इथेनॉल आहे. ६० लिटर पाणी म्हणजे ०.६ टक्के, मर्यादेच्या थोडे वर. विलगन झाले आणि समजा निम्मे इथेनॉल पाण्याबरोबर खाली गेले. तळाचा थर झाला ५६० लिटरचा, त्याची उंची सुमारे १३ सेंटीमीटर. नळीचे तोंड त्यात बुडाले! तेवढेच पाणी, तीच टाकी, तीच नळी. पण आता नोझलमधून जे येते त्यावर गाडी चालणार नाही. २० टक्के मिश्रण याहून अधिक पाणी सामावून घेते हे खरे, पण ते फाटले तर खाली येणारे इथेनॉलही दुप्पट साठ्यातून येते.

गंमत म्हणा की खेद म्हणा, कारखान्यात हेच इथेनॉल कोरडे करण्यासाठी केवढा खटाटोप केलेला असतो! साध्या ऊर्ध्वपातनाने ते सुमारे ९५-९६ टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही, कारण तेथे पाणी आणि इथेनॉल एकाच तापमानाला, एकाच प्रमाणात उकळतात. उरलेले पाणी रेणवीय चाळणीने शोषून घ्यावे लागते आणि ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध इथेनॉल मगच पेट्रोलमध्ये घालतात. आणि पुढे पंपावर एका झिजलेल्या रबरी कड्यापायी त्या सगळ्यावर पाणी पडते, अगदी शब्दशः.

टाकीत पाणी येण्याच्या वाटा मोजक्या आहेत. टँकर रिकामा करण्याच्या तोंडाची आणि डिपची झाकणे जमिनीलगत असतात. पावसात तेथे डबके साचते आणि झाकण सैल असेल तर पाणी आत उतरते. टाकी गंजून भोक पडले असेल तर पावसाळ्यात वर आलेले भूजल शिरते. क्वचित टँकरमधूनच पाणी येते. याखेरीज एक कारण फार वेळा सांगितले जाते, ते म्हणजे हवेतील बाष्पाचे दव. तेही तपासू. अर्ध्या रिकाम्या टाकीत १० घनमीटर जागा आहे. ती सगळी दमट हवेने भरली आहे असे धरले, तरी ३० अंशाला संपृक्त हवेच्या घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते आणि २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम. म्हणजे तापमान १० अंशांनी उतरले तरी सगळे मिळून १३० ग्रॅम पाणी सुटेल. पेलाभरही नाही! आणि जमिनीखालच्या टाकीचे तापमान दिवसभरात इतके बदलतही नाही. दहावीस लिटर पाणी सापडल्यावर कोणी दवाकडे बोट दाखवू लागला, तर त्याला हा हिशेब दाखवावा.

मग हे पाणी शोधण्याचे काम कोणाचे? ग्राहकाला टाकीत डोकावता येत नाही. पंपचालकाला येते, आणि ते त्याचे रोजचे कामच आहे. डिपच्या काठीला खालच्या टोकाशी पाणी दाखवणारी पेस्ट लावून ती टाकीत सोडतात. जेवढ्या उंचीपर्यंत पाणी असेल तेवढ्या उंचीपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. यातही एक मेख आहे. नुसत्या पाण्यासाठी केलेली जुनी पेस्ट पाणी-इथेनॉलच्या थरात नीट रंग बदलेलच असे नाही. म्हणून इथेनॉल-मिश्रित पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट वापरावी लागते. डबा जुनाच असेल तर काठी कोरडी दिसेल आणि तळाशी मात्र १३ सेंटीमीटरचा थर असेल.

पाणी टँकरमधून आले असा पंपचालकाचा दावा असेल तर? त्यासाठीच टँकर रिकामा करण्यापूर्वी तपासणी करायची आणि त्यातला नमुना सीलबंद ठेवायचा असा नियम आहे. नमुना स्वच्छ निघाला तर पाणी पंपावरच आले, हे सिद्ध होते. नमुना ठेवलाच नसेल, तर दोष दुसऱ्यावर ढकलायला पंपचालकापाशी काही उरत नाही.

ग्राहकालाही पंपावर काही चाचण्या विनाशुल्क मागता येतात. गाळण-कागदाची चाचणी, घनतेची चाचणी आणि ५ लिटरच्या मापाने मोजून देणे. हे हक्क मोलाचे आहेत, पण पाण्याच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नका. घनतेचेच पाहा. नोंदलेल्या घनतेपेक्षा घनमीटरला ३ किलोग्रॅमपर्यंतचा फरक चालतो. ७४० घनतेच्या पेट्रोलमध्ये १ टक्का पाणी सारखे मिसळले आहे असे धरले तरी घनता होईल ७४२.६. म्हणजे १०,००० लिटरमध्ये १०० लिटर पाणी असूनही चाचणी उत्तीर्ण! ती चाचणी अन्य भेसळ पकडण्यासाठी आहे. गाळण-कागदाचेही तसेच, तो मागे राहणारा डाग दाखवतो, आणि पाणी तर वाळून जाते. पाण्याची शंका असेल तर दोन गोष्टी मागाव्यात. पेस्ट लावून डिप आपल्यासमोर घ्यायला सांगावे आणि नोझलमधून काचेच्या स्वच्छ बरणीत थोडे इंधन घेऊन काही मिनिटे स्थिर ठेवायला लावावे. गढूळपणा किंवा तळाशी वेगळा थर दिसला की विक्री थांबवणे हे पंपाचे कर्तव्य ठरते. मोठ्या पावसानंतर आणि टँकर नुकताच रिकामा झाला असताना ही काळजी विशेष घ्यावी, कारण त्या वेळी तळाचे पाणी ढवळून वर आलेले असते.

भरल्यावर लगेच गाडी बंद पडली तर ती पुन्हा पुन्हा सुरू करू नये. प्रत्येक प्रयत्नात पाणी आणखी पुढे ओढले जाते. टाकीतले इंधन मेकॅनिकने पंचांसमक्ष काढावे आणि पावती जपून ठेवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सदोष माल विकल्याची तक्रार करता येते, पण माल त्याच पंपावरचा होता हे त्या कागदाशिवाय पटवणे अवघड जाते. दुर्दैवाने पावती मागणारे आपल्यात थोडेच.

शिक्षकांना एक विनंती. दोन थरांचा प्रयोग वर्गात खाद्यतेल आणि पाणी घेऊन जरूर करावा, पेट्रोल मात्र वर्गात आणू नये. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते.

आता एक हिशेब तुमच्यासाठी. वरच्याच टाकीत काल सकाळी पेस्टवर २ सेंटीमीटर पाणी दिसले. रात्रभर पाऊस पडला. आज सकाळी ४ सेंटीमीटर दिसते आहे. टाकीत साधे डिझेल आहे, इथेनॉल नाही. रात्रीत किती लिटर पाणी आत आले? उंची दुप्पट झाली म्हणून पाणीही दुप्पट झाले असे लिहू नका. टाकी गोल आहे, हे आठवा. उत्तर काढल्यावर तेवढे पाणी दवाचे असू शकेल का, तेही पडताळून पाहा.