निद्रानाशावरील उपचार : समोरासमोर की दुरून?

चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीर तोलून धरणारे तीन उपस्तंभ मानले आहेत. आहाराविषयी आपण थोडेफार जागरूक झालो आहोत. निद्रेविषयी मात्र उदासीनच आहोत. बाह्यरुग्ण विभागात ‘झोपेची गोळी लिहून द्या’ अशी मागणी वारंवार होते. झोप का उडाली, हे सांगावयास मात्र फार थोडे रुग्ण तयार असतात. गोळीवाचूनही या विकारावर प्रभावी उपचार आहे. तो रुग्णालयात येऊन घ्यावा की भ्रमणध्वनीवरून, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

निद्रानाश कशास म्हणावे?

आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने वा अधिक काळ, झोपण्यास पुरेसा अवसर असूनही झोप लागत नसेल, मध्येच मोडत असेल किंवा पहाटे फार लवकर जाग येत असेल आणि त्यामुळे दिवसाची कामे बिघडत असतील, तर तो दीर्घकालीन निद्रानाश होय. यातील ‘अवसर असूनही’ हे शब्द आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचे आहेत. कृषिपंपांना पाळीपाळीने दिवसा व रात्री वीज मिळण्याची पद्धत शेतकऱ्याच्या अंगवळणी पडली आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली; तथापि जेथे रात्रीची पाळी आहे, तेथे हरभऱ्याला वा गव्हाला पाणी देण्यासाठी मध्यरात्री उठावेच लागते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागलीला जाणे आहेच. अशा माणसाची झोप हिरावलेली असते. त्याला निद्रानाश म्हणता येत नाही. परंतु हंगाम सरल्यावर, घरी स्वस्थ पडूनही, डोळ्याला डोळा लागत नसेल, तर मात्र विकार जडला असे समजावे.

उपचाराचे स्वरूप

या उपचारास बोधनात्मक वर्तनोपचार म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाश असलेल्या सर्व प्रौढांना औषधाआधी हाच उपचार द्यावा अशी शिफारस केली. त्याची प्रमुख अंगे तीन आहेत.

पहिले अंग अंथरुणाशी झोपेचे नाते पुन्हा जोडण्याचे. झोप येईल तेव्हाच आडवे व्हावे. बराच वेळ झोप न आल्यास उठून दुसरीकडे बसावे. अंथरुणात हिशेब, चिंता वा भ्रमणध्वनी नको.

दुसरे अंग शय्याकाल मर्यादित करण्याचे. रुग्ण एक-दोन आठवडे झोपेची रोजनिशी ठेवतो. समजा, तो आठ तास अंथरुणात असतो, पण झोप साडेपाच तासच होते. त्यास सुरुवातीस साडेपाच तासच अंथरुणात राहण्यास सांगतात. उठण्याची वेळ ठरलेली असते. शय्याकालापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वेळ झोप होऊ लागली की पंधरा-पंधरा मिनिटे वाढवीत नेतात. पाच तासांहून कमी मर्यादा सहसा घालीत नाहीत.

तिसरे अंग विचारांचे. ‘आज झोप झाली नाही तर उद्या मी कोसळणार’ ही भीतीच झोपेची वैरीण ठरते. ती तपासून पाहण्यास रुग्णाला शिकविले जाते.

अभ्यास काय सांगतात?

महाजालावरून दिलेला उपचार निरुपयोगी आहे, असे मुळीच नाही. ब्रिटनमध्ये ३,७५५ विद्यार्थ्यांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा उपचाराने निद्रानाश कमी झाला. तेथील ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये ‘स्लीपिओ’ या संगणकीय कार्यक्रमाची शिफारसही केली. तथापि नेदरलँड्समध्ये ९० व्यक्तींवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रत्यक्ष उपचार मार्गदर्शनयुक्त ऑनलाइन उपचाराहून सरस ठरला. नॉर्वेतील २०२१ च्या चाचणीत, पूर्णतः स्वयंचलित कार्यक्रमाने रुग्ण सुधारले, परंतु प्रत्यक्ष भेटीत अधिक सुधारले. याउलट त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पडद्यावर का होईना पण चिकित्सक स्वतः बोलत होता. तेथे प्रत्यक्ष भेटीच्या तुलनेत उणेपणा दिसला नाही.

यावरून आम्हांस असे वाटते की अंतर हा मुख्य अडसर नसून माणसाची अनुपस्थिती हा आहे. आणि तो माणूस तज्ज्ञ मानसोपचारकच असला पाहिजे असेही नाही. ब्रिटनमध्ये ६४२ रुग्णांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रशिक्षित परिचारिकांनी अवघ्या चार बैठकांत शय्याकाल मर्यादित करण्याचा उपचार दिला आणि तो गुणकारी ठरला.

आपल्या जिल्ह्यापुरते

मोताळा वा सिंदखेडराजा तालुक्यातील एखादा शेतमजूर दर आठवड्यास उपचारासाठी शहरात येऊ लागला, तर एस. टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. दोन खेपांनंतर तो येणे सोडतो. त्याच्यासाठी दूरध्वनी हे वरदान आहे. परंतु घरात एकच भ्रमणध्वनी असेल आणि तो नवऱ्याच्या वा मुलाच्या खिशात असेल, तर त्या घरातील स्त्रीने आपले मन कोठे मोकळे करावे? सासूसमोर, उघड्या ओसरीवर, ती ‘बरी आहे’ एवढेच सांगेल. तिच्यासाठी रुग्णालयातील बंद दाराची खोलीच खरी. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू व निहाली बोलणारी कुटुंबे आहेत. इंग्रजीतील तयार कार्यक्रम त्यांच्या काय कामाचा?

शिवाय काही गोष्टी पडद्यावरून सुटून जातात. मोठे घोरणे व झोपेत श्वास अडखळणे, थायरॉइडचे विकार, सांधेदुखी, मद्यपान यांची तपासणी आधी व्हावयास हवी. अपस्मार किंवा उन्माद-विषाद विकार असलेल्या रुग्णास शय्याकाल कमी करणे धोक्याचे ठरू शकते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिवसा झापड येते. त्या काळात मळणीयंत्र, ट्रॅक्टर वा दुचाकी चालविणाऱ्यास विशेष सावध करावे लागते.

सर्वांत गंभीर बाब म्हणजे पहाटे तीन-चार वाजता येणारी जाग पुष्कळदा विषादाची खूण असते. कर्ज आणि नापिकीने ग्रासलेल्या वऱ्हाडात ही खूण ओळखणे म्हणजे कित्येकदा जीव वाचविणे होय. आपल्याच विभागातील अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पाने ३० गावांत, गावातल्याच कार्यकर्त्यांच्या साहाय्याने, विषादग्रस्तांना उपचारापर्यंत आणता येते हे दाखवून दिले. चेहरा पाहणारा, ‘मरणाचे विचार येतात का?’ असे शांतपणे विचारणारा माणूस हे काम करतो.

आमचे मत

म्हणून ‘हे की ते’ असा वाद न घालता क्रम ठरवावा. पहिली भेट समोरासमोर असावी : तपासणी, रोजनिशी भरण्याची रीत आणि विषादाची विचारपूस तेथेच व्हावी. ज्याला अक्षरओळख नाही, त्याची रोजनिशी घरच्या मुलीने वा आशा कार्यकर्तीने भरावी. पुढील पाठपुरावा, रुग्णास एकांत मिळत असल्यास, दूरध्वनीवरून करावा. शेवटची भेट पुन्हा समोरासमोर घ्यावी. झोपेच्या गोळ्या चालू असल्यास त्या एकाएकी बंद न करता वैद्यकीय सल्ल्यानेच हळूहळू कमी कराव्यात. आणि वैद्याच्या चिठ्ठीवाचून त्या कधीही घेऊ नयेत.

रात्री मन फारच सैरभैर झाले, तर सकाळची वाट पाहू नये. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. घरात कोणी रात्रंदिवस जागे असेल, तर ‘त्याला झोपच येत नाही’ म्हणून सोडून देऊ नये. त्याच्याजवळ बसावे, विचारपूस करावी आणि त्यास घेऊन यावे, एवढीच वाचकांस आमची नम्र विनंती आहे.