आधी चित्र, मग कात्री

दांडिया बाजार, वडोदरा

चिरंजीव भाच्यास,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मामा पानावर बसला होता, त्यामुळे बोलणं अर्धवट राहिलं. गाडी खेचत नाही, दोन हजार आरपीएमच्या खाली तिच्यात जीवच नाही, आणि पुण्यातल्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडून अर्ध्या मिनिटात ‘टर्बो गेला’ असा निकाल दिला, एवढं कळलं. त्याने सांगितलेला आकडा ऐकून तुझी आई रात्रभर झोपली नाही. टर्बो जातात, खरं आहे. पण टर्बोला हुकूम पोचवणारी करंगळीपेक्षा बारीक रबरी नळी त्याच्या कितीतरी आधी जाते, आणि ती हाताने चाचपून पाहायला कुणी थांबत नाही. फोनवर नळ्यांची वाट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

गाडीचा इतिहास तुला ठाऊक आहे, तुझ्या गॅरेजवाल्याला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. अकोटा, समा, फतेगंज, सगळीकडे गाड्या पाण्यात उभ्या. तुमची गाडीही त्यातलीच. पाणी ओसरल्यावर तुझ्या बाबांनी स्टार्टर न मारता ती टो करून नेली, हे फार शहाणपणाचं केलं. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं असतं तर कनेक्टिंग रॉड वाकले असते. तेल बदललं, सीट वाळवली, वायरिंग तपासलं. व्हॅक्यूमच्या नळ्यांकडे मात्र कुणी पाहिलं नाही. वडोदऱ्यात त्या महिन्यात मेकॅनिकना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आता मुळापासून. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. ती मिटलेली असताना पिस्टन हवा मागतात आणि ती पुरेशी मिळत नाही, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाखाली जातो. हाच व्हॅक्यूम. डिझेलमध्ये हवा अशी अडवून धरलेली नसते, तेव्हा तिथे व्हॅक्यूम मुद्दाम तयार करावा लागतो. जुन्या अनेक डिझेल गाड्यांत त्यासाठी अल्टरनेटरच्या पाठीवर पंप असे. तुझ्या गाडीत तो कॅमशाफ्टच्या टोकाला आहे. तिथून निघालेली जाड नळी ब्रेक बूस्टरला जाते. तिच्यातूनच फुटलेली बारीक नळी मॉड्युलेटर नावाच्या सोलेनॉइडला जाते, आणि मॉड्युलेटरमधून आणखी एक टर्बोच्या ॲक्चुएटरला. ॲक्चुएटरच्या डब्यातला पडदा ओढला गेला की त्याची दांडी सरकते, दांडीबरोबर टर्बोच्या आतल्या पात्या वळतात, आणि कमी आरपीएमलाही एक्झॉस्टचा झोत टर्बाइनवर जोरात बसतो.

नळी फाटली की ही ओढ मधेच विरते. पात्या उघड्याच राहतात. टर्बो अगदी ठणठणीत असतो, पण त्याला कामाला लागण्याचा निरोपच पोचत नाही. कंप्युटरला अपेक्षित बूस्ट मिळत नाही, तो पी०२९९ हा कोड नोंदवतो आणि गाडीला लिंप मोडमध्ये टाकतो, म्हणजे तिची ताकद मुद्दाम आवळून धरतो. स्कॅनरवर ‘टर्बो अंडरबूस्ट’ एवढंच वाचून टर्बो बदलायला निघणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचं डोकं बदलायला निघण्यासारखं आहे.

तुझ्या मित्राची गाडी दिसायला तुझ्या गाडीसारखीच आहे, म्हणून त्याच्याकडे बघून नळ्या लावू नकोस. रांजणगावच्या फियाट कारखान्यात वर्षानुवर्षं बनलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन घे. भारतात किती कंपन्यांच्या गाड्यांत ते बसलं! पण त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या रूपात साधा वेस्टगेटचा टर्बो आहे; तिथली बारीक नळी टर्बोने दाबलेली हवा वाहून नेते आणि ॲक्चुएटरला ढकलते. ९० अश्वशक्तीच्या रूपात पात्या वळणारा टर्बो आहे. तिथली नळी ॲक्चुएटरला ओढते. एकाच्या नळीत जास्त दाब, दुसऱ्याच्या नळीत कमी दाब, आणि बाहेरून दोन्ही काळ्या रबराच्याच. वेस्टगेटवाल्या टर्बोची ती नळी निसटली तर उलटंच घडतं: वेस्टगेट उघडत नाही, बूस्ट नको तितका वाढतो, आणि मग खरोखर इंजिनाचं नुकसान होतं.

म्हणून पहिलं काम कागदाचं. कात्री, पकड, झिप टाय सगळं बाजूला ठेव आणि पाठकोरा कागद घे. पंप कुठे, मॉड्युलेटर कुठे, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कुठे, टी जॉइंट किती, हे चौकोन आणि रेघांनी काढ. मोबाइलवर फोटोही घे, पण फोटोवर भिस्त ठेवू नकोस. फोटोत नळी बॅटरीमागे गेली की हरवते. रेघ काढताना मात्र ती पलीकडे कुठे निघते हे हाताने शोधावंच लागतं. मग मास्किंग टेपचे तुकडे करून प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांवर आणि ती जिथे बसते त्या नळकांडीवर एकच आकडा लिही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या बोनेटखाली व्हॅक्यूमच्या नळ्यांचा नकाशा छापलेलं लेबल चिकटवलेलं असे. आपल्याकडे बहुतेक गाड्यांवर ते नसतं, तेव्हा तूच काढ.

तू ज्या आवारात डिप्लोमा केलास त्या आवाराचीच ही रीत आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं, त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने ते उभं केलं, आणि तिथे रंगकाम, विणकाम, यंत्रकाम काहीही शिकायला आलेल्या मुलाच्या हातात चित्रकलेची पेन्सिल आलीच. दादासाहेब फाळकेही त्याच कलाभवनात शिकले. १९४९ मध्ये विद्यापीठ झालं, कलाभवनाची तंत्रज्ञान विद्याशाखा झाली, पण ड्रॉइंग बोर्ड हलले नाहीत. तिसऱ्या सेमिस्टरला तू ‘आता सगळं कंप्युटरवर होतं’ म्हणून कुरकुर करायचास, तेव्हा मामा गप्प बसला होता. आज सांगतो: ती पेन्सिल याच कामासाठी होती.

कागद झाला की बोटं चालव. एकेक नळी दोन बोटांत धरून हलकेच वाकव. चांगलं रबर मऊ लागतं. उष्णतेने मेलेलं रबर कडक होतं, वाकवलं की बारीक भेगा तोंड उघडतात. वडोदऱ्याचा मे महिना ४२-४३ अंशांचा, त्यात बोनेटखालची आग, त्यामुळे आपल्याकडे टोकं आधी जातात. बऱ्याच युरोपीय गाड्यांत वरून कापडी विणीची नळी असते. तिच्यातलं रबर फुटलं तरी वीण शाबूत दिसते, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. पावसाळ्यात उबेला आत शिरलेले उंदीर नळ्या कुरतडतात, तेही बघ. आणि तुझ्या गाडीत सगळ्यात जास्त संशय मॉड्युलेटरचा. त्याला तीन तोंडं असतात: एक पंपाकडे, एक ॲक्चुएटरकडे, तिसरं बाहेरच्या हवेकडे. त्या तिसऱ्या तोंडावर बोराएवढा फिल्टर असतो. पुराचा गाळ तिथे जाऊन बसला असला तर दांडी अडखळत सरकेल. आणि पहिल्या दोन नळ्यांची कुणी अदलाबदल केली असली तर नवा मॉड्युलेटर घालूनही गाडी तशीच राहील.

तपासणी सोपी आहे. एकाला इंजिन चालू करायला सांग, तू ॲक्चुएटरच्या दांडीकडे बघ. या प्रकारच्या टर्बोत इंजिन चालू होताच दांडी साधारण सेंटीमीटरभर ओढली गेली पाहिजे आणि बंद करताच सावकाश परत आली पाहिजे. हललीच नाही, तर घड्याळ लावलेला व्हॅक्यूमचा हातपंप घे, ॲक्चुएटरला थेट जोड आणि ओढ दे. दांडी सरकली आणि मिनिटभर काटा जागचा हलला नाही, तर ॲक्चुएटर धडधाकट आहे आणि दोष अलीकडे, नळीत किंवा मॉड्युलेटरमध्ये आहे. काटा घसरला तर आतला पडदा फाटला. दांडी जागीच घट्ट बसली असेल, तर पात्यांवर काजळी जमली आहे. एवढ्यासाठी मात्र टर्बो उतरवावा लागतो, तेव्हा गॅरेजवाल्याचं ऐक.

हातपंपाच्या घड्याळाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेव. वडोदरा समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर आहे, पुणे ५६० मीटरवर. वर हवेचाच दाब कमी, म्हणून इथे पाऱ्याचे २७ इंच दाखवणारा पंप तिथे २५ च्या आसपास दाखवेल. पुस्तकातला आकडा नाही आला म्हणून चांगला पंप फेकून देऊ नकोस.

नवीन नळी घेताना आतला व्यास व्हर्नियरने मोज. साडेतीन मिलिमीटरच्या जागी पाचची नळी क्लिपने आवळून बसवली तर ती आज धरेल आणि घाटात सुटेल. भिंत जाड हवी, नाहीतर ओढ बसली की नळी आतल्या आत चपटी होते. मत्स्यालयाची पारदर्शक नळी लावलेल्या गाड्या मामाने पाहिल्या आहेत; ते प्लॅस्टिक इंजिनाच्या तापाने लोळागोळा होतं. सिलिकॉन उष्णतेला उत्तम, पण तेलाची वाफ आणि पेट्रोल यांच्यापुढे साधं सिलिकॉन टिकत नाही, फुगतं. तेव्हा क्रँककेसच्या श्वासाची आणि इंधनाच्या वाफेची नळी कंपनीच्याच प्रकारची घे.

मग मांडणी. इथे तरुण मुलं चुकतात, कारण त्यांना सरळ रेषा आवडतात. नळी सरळ आणि ताणलेली नको. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं, त्या डुलण्याला पुरेल एवढी ढील हवी. एक्झॉस्टच्या बाजूने जवळची वाट दिसली तरी लांबून ने. तिथलं लोखंड जोरात चालवल्यावर कित्येकशे अंशांवर जातं. जाणं टळतच नसेल तर काचतंतूंची बाही चढव. झिप टाय नळीला आवळू नये, नुसता आधार द्यावा. ॲक्चुएटरची नळी शक्य तितकी आखूड ठेव, कारण लांब नळीत जास्त हवा मावते आणि हुकूम उशिरा पोचतो. ओढीच्या सगळ्या नळ्यांना एक रंग, दाबाच्या नळ्यांना दुसरा. शोभेसाठी सगळ्याच निळ्या घातल्यास, तर रात्री टॉर्चच्या उजेडात बोनेटखाली वाकलेल्या अनोळखी मेकॅनिकला काय कळणार?

तुझ्या मित्राची टर्बो पेट्रोल आहे आणि त्याला तुझ्याकडून ‘नळ्या नीट लावून’ हव्या आहेत, असं तू म्हणालास. पेट्रोलमध्ये जास्त जपावं लागतं. तिथे एकाच मॅनिफोल्डमध्ये आयडलला ओढ असते आणि पाय दाबला की बूस्ट. एकच नळी क्षणात आत चिंबते, क्षणात बाहेर फुगते, म्हणून प्रत्येक टोकाला क्लिप हवी आणि ब्रेककडे जाणाऱ्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. बूस्ट गेज, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह वगैरे सगळं एकाच नळीला टी मारून जोडतात, ते तू करू नकोस. थ्रॉटलच्या पुढून एक जाडशी नळी काढून छोट्या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला दे आणि ब्लॉकवरून ज्याची त्याला वेगळी वाट दे. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या नळीला आणि ब्रेकच्या नळीला तर हातच लावू नकोस.

हे किती थराला जातं ते पाहायचं असेल तर माझदाच्या आरएक्स-७ गाडीचं तिसऱ्या पिढीचं इंजिन बघ. १९९१ च्या शेवटी जपानमध्ये आलेली ती गाडी. एकामागून एक जागे होणारे दोन टर्बो, आणि त्यांची पाळी बदलायला डझनावारी नळ्या आणि सोलेनॉइड, सगळं इनटेकच्या खाली दडलेलं. रोटरी इंजिनाची धग त्या नळ्यांना काही वर्षांत लाकडासारखी करते. दुसरा टर्बो वेळेवर जागा होईना, की हौशी मालक सगळं उतरवून एकूण एक नळी बदलतात, आणि प्रत्येक जण आधी नकाशाच समोर ठेवतो. हल्ली बऱ्याच गाड्यांत ॲक्चुएटर विजेचे आले, नळ्या कमी झाल्या. तुझ्या पिढीला कदाचित ही कटकट राहणारही नाही. पण आज रस्त्यावर धावणाऱ्या लाखो डिझेल गाड्या अजून याच बारीक रबरावर चालतात.

आता जे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं ते. रविवारची वाट न बघता आजच ब्रेक तपास. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाब, ते टणक होईल. पाय तसाच दाबून ठेव आणि इंजिन चालू कर. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर व्हॅक्यूम ब्रेक बूस्टरपर्यंतही पोचत नाही. मग गाडी बाहेर काढायची नाही, दुरुस्त होईपर्यंत बसने जा. पिकअप गेलेल्या गाडीने माणूस उशिरा पोचतो इतकंच. बूस्टर मेलेली गाडी थांबवायला मात्र पायात दुप्पट-तिप्पट जोर लागतो, आणि ते पहिल्यांदा कळतं ते समोर कुणीतरी आल्यावर.

रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना बस. कागदाचा फोटो काढून मामाला पाठव, चुकलेली रेघ लाल पेनाने दुरुस्त करून परत येईल. गॅरेजवाल्याला दुखवू नकोस. ‘आठवडाभर थांबा’ एवढंच सांग. दिवाळीला गाडी घेऊन ये. हातपंप आणि बूस्ट गेज इथे तयार आहेत. हालोलच्या रस्त्याने पावागढला जाऊ, माचीपर्यंतचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढवून बघू, काटा काय म्हणतो ते तिथेच कळेल. येताना साडेतीन मिलिमीटरची दोन मीटर नळी जास्तीची आण.

तुझ्या आईला सांग, टर्बोचे पैसे अजून कुणाला द्यायचे नाहीत.

तुझा
मामा