मधपेटीवर सुपर कधी चढवायचा?



मधमाशीचा पाठ घेताना आपण राणी, कामकरी, नर अशी नावं फळ्यावर लिहितो, षट्कोनी घरांचं चित्र काढतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, आपण मध काढून घेतला की माश्या काय खातात?" प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं उत्तर मधपेटीच्या वरच्या मजल्यात सापडतं. या मजल्याला मधपाळ 'सुपर' म्हणतात. तो कधी ठेवायचा, कसा ठेवायचा आणि कधी उतरवायचा हे समजलं की पोळ्याचा निम्म्याहून जास्त व्यवहार समजला म्हणायला हरकत नाही.

उदाहरणासाठी आपण महाबळेश्वर परिसर घेऊ. इथे पेटीत पाळतात ती आपली सातेरी मधमाशी. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे, आणि जवळचं मांघर हे 2022 साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथल्या घरांसाठी मध ही हौस नाही, फेब्रुवारी ते मे या थोड्या दिवसांची कमाई आहे. सुपर चुकीच्या वेळी चढला तर ते वर्ष हातचं जातं.

आधी पेटी डोळ्यांसमोर आणा. खाली तळपाट, त्यावर पिल्लांचा कप्पा, त्यावर सुपर, मग आतलं झाकण आणि वर छप्पर. पिल्लांच्या कप्प्यात राणी अंडी घालते. सुपरच्या चौकटी उंचीने साधारण निम्म्या असतात आणि त्यांत फक्त मध असावा अशी अपेक्षा असते. ही वाटणी माणसाने माश्यांवर लादलेली नाही बरं का. झाडाच्या ढोलीतलं पोळं पाहिलं तरी मध वर, त्याखाली परागकणांचा पट्टा आणि त्याखाली पिल्लं, असाच क्रम दिसतो. माश्यांनी जिथे रेघ ओढली होती तिथे आपण पेटीचा सांधा ठेवला, एवढंच.

तो सांधा सुचायला मात्र एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. अमेरिकेतले लँगस्ट्रॉथ हे पाद्री होते आणि मुलींच्या शाळेत शिकवतही होते (आपल्यातलेच म्हणायचे!). 1851 साली त्यांच्या लक्षात आलं की दोन भागांमध्ये माशीला जेमतेम फिरता येईल एवढीच फट ठेवली तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत. त्यामुळे चौकट न तोडता उचलता येऊ लागली. 1857 मध्ये जर्मनीत मेरिंग यांनी मेणाचा छापील पत्रा केला आणि 1865 मध्ये ऱ्हुश्का यांनी गरगर फिरवून मध काढण्याचं यंत्र आणलं. सुपर उपयोगाचा झाला तो या तिन्ही गोष्टी जुळून आल्यावर. त्याआधी मध काढणं म्हणजे पोळं पिळणं, आणि त्यात पिल्लंही चिरडली जायची.

आता मुख्य मुद्दा. "मधच हवाय ना, मग सुपर आधीपासूनच ठेवून द्यावा की!" असं पुष्कळांना वाटतं. पण पिल्लांना साधारण 34 ते 35 अंश सेल्सिअस ऊब लागते आणि ती माश्या अंगाच्या हालचालीने तयार करतात. महाबळेश्वरला फेब्रुवारीतल्या रात्री चांगल्याच गार असतात. कमी माश्यांच्या वसाहतीवर रिकामा मजला चढवला की गरम हवा वर निघून जाते आणि खाली पिल्लं गारठतात. शिवाय ज्या पोळ्यावर माश्यांचा पहारा नाही तिथे मेणकिडा शिरतो. सातेरी आधीच रुसकी, फार त्रास झाला तर सगळं बिऱ्हाड घेऊन निघून जाते.

उशीर झाला तर वेगळं संकट. फुलोरा जोरात असतो, मकरंद येतच राहतो. ठेवायला जागा नाही म्हणून माश्या पिल्लांच्या रिकाम्या झालेल्या घरांत मकरंद भरतात. राणीला अंडी घालायला जागा उरत नाही. मग चौकटीच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगेसारखी लोंबती राणीघरं दिसू लागतात, आणि एखाद्या उन्हाच्या सकाळी जुनी राणी निम्म्याच्या आसपास माश्या घेऊन उडून जाते. वसाहत फुटते. मागे राहिलेल्यांना ऐन हंगामात मनुष्यबळ, म्हणजे माशीबळच उरत नाही.

जागा इतकी झपाट्याने का संपते? इथे सातवी-आठवीच्या वर्गासाठी शेकडेवारीचं छान उदाहरण मिळतं. समजा मकरंदात 70 टक्के पाणी आहे (फुलागणिक हे बदलतं) आणि तयार मधात 20 टक्के. 1 किलो मधात 800 ग्रॅम घन भाग. तेवढा घन भाग मिळवायला मकरंद किती लागेल? 800 ला 0.3 ने भागा, उत्तर येतं सुमारे 2 किलो 670 ग्रॅम. म्हणजे एका किलोमागे 1 किलो 670 ग्रॅम पाणी पंखांच्या वाऱ्याने उडवावं लागतं! त्यासाठी माश्या मकरंद पुष्कळ घरांत थोडा थोडा पसरून ठेवतात, जसं आपण पापड वाळवताना अंगणभर पसरतो. डब्यात भरल्यावर ते थोडक्या जागेत मावतात, पण वाळवायला अंगण लागतंच. सुपर हे मधाचं कोठार आहेच, पण त्याआधी ते वाळवणाचं अंगण आहे. म्हणून 'मध भरला की सुपर ठेवू' हा हिशेब चुकतो. अंगण आधी लागतं.

मग नेमकं कधी? तारीख सांगता येत नाही. महाबळेश्वरला मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलतं, हिरडा आणि गेळाही त्याच सुमाराला मागेपुढे. कोकणात, देशावर झाडं वेगळी, पिकं वेगळी. पंचांग बाजूला ठेवा आणि पेटी उघडून पाहा. पेटी आठ चौकटींची असेल तर सहा-सात चौकटी दोन्ही अंगांनी माश्यांनी भरलेल्या हव्यात आणि बहुतेक चौकटींत पिल्लं हवीत. चौकटींच्या वरच्या कडेला नवं पांढरं मेण दिसू लागतं. जुनं पोळं तपकिरी असतं, त्यामुळे हा पांढरा रंग लगेच डोळ्यांत भरतो. माझ्या मते सगळ्यांत भरवशाची खूण हीच. चौकट जरा आडवी धरली की ताज्या मकरंदाचे थेंब टपकतात. या खुणा दिसल्या आणि बाहेर झाडाला कळ्या भरपूर असल्या, तर थांबू नका. कळ्या नसतील, फुलोरा सरत आला असेल, तर पेटी कितीही भरलेली असली तरी सुपरचा फायदा नाही.

ठेवायची पद्धत सोपी आहे, घाई मात्र नको. वारा नसलेली, उन्हाची सकाळ निवडावी. दहा-अकराच्या सुमाराला पुष्कळ माश्या बाहेर कामाला गेलेल्या असतात. तोंडावर जाळी, अंगात फिकट कपडे. अत्तर किंवा वासाचं तेल लावून जाऊ नये. धुराड्याने दारात दोन-तीन हलके फुत्कार पुरतात. छप्पर आणि आतलं झाकण काढल्यावर आधी पिल्लांच्या कप्प्यातल्या चौकटी पाहून घ्याव्यात. अंडी दिसताहेत ना, राणीघरं तर नाहीत ना, हे तपासावं. राणीघरं दिसली तर वसाहत फुटण्याच्या तयारीत आहे, नुसत्या सुपरने ती थांबेलच असं नाही. तिचं वेगळं विभाजन करावं लागतं. तो स्वतंत्र पाठ आहे.

नुसते मेणपत्रे लावलेला सुपर ठेवला तर माश्या वर चढायला कुरकुरतात. आदल्या वर्षीची बांधलेली एक-दोन पोळी मधोमध दिली की वाट धरतात. सुपर ठेवताना कडेवरच्या माश्या चिरडू नयेत म्हणून तो वरून दाबू नका, तिरका टेकवून हळूच सरकवा. एक माशी चिरडली की त्या वासाने बाकीच्या चिडतात. राणी वर जाऊ नये म्हणून काही जण मधे जाळी घालतात. मात्र युरोपियन मेलिफेरा माशीच्या मापाची जाळी सातेरीला कामाची नाही. आपली राणी अंगाने लहान, ती त्यातून वर जाऊ शकते.

आठवड्याने पुन्हा डोकवा. पहिला सुपर तीन चतुर्थांश भरला, माश्या दाट आहेत आणि फुलोरा अजून आहे, तरच दुसऱ्याचा विचार करावा. सातेरीची वसाहत मेलिफेरापेक्षा लहान, तेव्हा बऱ्याचदा दुसऱ्या सुपरपेक्षा पहिल्यातलाच पिकलेला मध काढून पोळी परत देणं बरं पडतं. माश्यांची नवं मेण करण्याची मेहनत वाचते.

मध पिकला हे कसं ओळखायचं? माश्या पिकलेल्या मधाची घरं मेणाच्या पातळ झाकणाने बंद करतात. चौकटीचा बहुतेक भाग असा झाकला गेला की ती काढावी. उघड्या घरांतला मध पातळ असतो, बरणीत आंबतो. बाजारात लवकर पोचायच्या घाईत कच्चा मध काढणारे आहेत, तो घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. (पालकांसाठी एक सूचना: एक वर्षाच्या आतल्या बाळाला कोणताही मध चाटवू नका, कितीही शुद्ध असला तरी. त्यात बाळाला घातक ठरणारे जिवाणू असू शकतात.)

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे. महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दिवसचे दिवस माशी बाहेर पडू शकत नाही, आणि पडली तरी फुलं धुतलेली. तेव्हा ती खालच्या कप्प्यातला मध खाते. म्हणून मध काढायचा तो सुपरमधलाच. खालच्या कप्प्यातली मधाची कड ही तिची पावसाळ्याची बेगमी, तिला हात लावायचा नाही. तीही अपुरी वाटली तर साखरेचा पाक द्यावा लागतो. हे मुलांना स्पष्ट सांगावं, म्हणजे 'माणूस माशीचं सगळं लुटतो' आणि 'माशी माणसासाठी मध करते' या दोन्ही समजुती सुटतात.

शाळेत दाखवायचं असेल तर भरलेली पेटी वर्गात आणू नये, मुलांना ती उघडूही देऊ नये. एखाद्या मुलाला दंशाची तीव्र ॲलर्जी असेल हे आधी कुणाला माहीत नसतं. रिकामी पेटी, दोन चौकटी आणि जुनं पोळं एवढ्यावर तासभर उत्तम पाठ होतो.

मेअखेर, वळवाचे ढग दिसायला लागले की सुपर उतरवायचा. पोळ्यांतला मध काढून झाला की ती एक रात्र पेटीवर परत ठेवावीत, माश्या उरलासुरला मध चाटून कोरडी करतात. मग घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवून महिन्यातून एकदा उघडून पाहावं. मेणकिड्याची जाळी दिसली तर ते पोळं लगेच बाजूला काढावं. उरलेली पोळी फेब्रुवारीत पुन्हा उपयोगी पडतील.