हूड बदलायचं आहे? आधी गाडी कुठे उभी राहते ते बघा

उघड्या टपाच्या जुन्या गाडीचं हूड बदलायचं म्हटलं की जो तो एकच सल्ला देतो: व्हिनाइलच्या भानगडीत पडू नका, सरळ मोहेरचं कापड घ्या. मी इंग्लंडात वॉर्विकशरमध्ये राहतो, माझ्याकडे 1973 सालची एमजीबी आहे, आणि हा सल्ला मला गॅरेजवाल्यांपासून पेट्रोल पंपावर भेटलेल्या अनोळखी माणसांपर्यंत सगळ्यांनी दिला आहे. सल्ला वाईट नाही, पण सरसकट पाळण्यासारखाही नाही.

एमजीबी 1962 ते 1980 या काळात बनली. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून, बंद टपाची जीटी धरून, पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे सुट्या भागांची ददात नाही, आणि हूडही इतक्या प्रकारांत आणि इतक्या भावांत मिळतं की डोकं चालेनासं होतं. कॅटलॉगमधल्या फोटोत सगळी सारखीच दिसतात.

माझ्या गाडीवरचं जुनं व्हिनाइल फाटल्यावर एका वर्कशॉपनं ऐन जानेवारीत नवं बसवून दिलं. सकाळी गाडी सोडा, दुपारी घेऊन जा, असा खाक्या. थंडीत व्हिनाइल ताठ असतं, हवं तेवढं ताणलं जात नाही. कारागिरानं जोर लावून कडेची बटणं लावली, पुढची कड काचेवरच्या पट्टीला चिकटवली आणि वर रिव्हेट मारून टाकले. मे महिन्यात ऊन पडलं तसा टप सैल झाला. मोटरवेवर फडफड एवढी, की शेजारी बसलेल्या बायकोशी ओरडून बोलावं लागे. पुढे दोनेक वर्षांत उलटा प्रकार सुरू झाला. व्हिनाइल मऊ ठेवणारी द्रव्यं उन्हातान्हात हळूहळू निघून जातात, मग ते आक्रसतं. कडेचं शेवटचं बटण खुंटीपर्यंत पोचेना, आणि घडीच्या जागी पांढऱ्या रेघा उमटल्या.

ते हूड उतरवलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सांगाड्याच्या कमानी ठरावीक अंतरावर धरून ठेवायला निवारीचे दोन पट्टे असतात. ते मूळचेच होते आणि म्हाताऱ्याच्या झोळीसारखे लोंबत होते. कमानी पुढे सरकल्या होत्या, त्यामुळे मधल्या खोलगट भागात पाणी साचायचं. अशा सांगाड्यावर जगातलं सर्वोत्तम कापड घातलं तरी ते लोंबणारच. पट्टे अगदी किरकोळ किमतीत मिळतात. वर्कशॉपनं ते बदलले तर नव्हतेच, त्याबद्दल चकार शब्दही काढला नव्हता.

आता मोहेरकडे येतो. मूळ मोहेर शेळीच्या केसांचं, पण या नावाखाली आज जे विकलं जातं त्यात शेळीचा एक केसही नसतो. चांगल्या प्रतीचा माल तीन थरांचा असतो: वर अक्रिलिकचं विणकाम, मध्ये रबर, आत सुती किंवा सुती-पॉलिएस्टर अस्तर. नमुन्याची कापलेली कड उजेडात धरा, मधली काळी रेघ स्पष्ट दिसली पाहिजे. रंगाचंही विचारून घ्या. धागा बनतानाच रंग मिसळलेला असेल तर तो उन्हात टिकतो. विणून झाल्यावर वरून रंगवलेलं कापड काही उन्हाळ्यांत विटतं. टाक्यांना दोरा पॉलिएस्टरचा हवा, सुती नको. आणि शिवणीवर आतून सीलर लावलेला आहे ना, तेही पाहा; सुईच्या छिद्रांतूनच पाणी आत उतरतं.

हे कापड घडीवर तडकत नाही, आत आवाज कमी येतो, टिकतंही जास्त. मग अडचण कुठे? पहिली जाडीची. एमजीबीत हूड सीटमागच्या चिंचोळ्या जागेत घडी होऊन बसतं. तीन थरांची घडी फुगते, आणि वरचं कव्हर लावताना बटणांशी कुस्ती खेळावी लागते. दुसरी, कापड ताणत नाही. व्हिनाइलमध्ये कापणाऱ्याची अर्ध्या इंचाची चूक ओढून खपते, कापडात ती सुरकुती होऊन कायमची राहते. तिसरी इथल्या हवेची. गाडी झाडाखाली उघड्यावर राहिली की कापडावर हिरवं शेवाळ धरतं आणि पक्ष्यांची घाण विणीत मुरते. मऊ ब्रशनं झाडत राहायचं, वर्षा-दोन वर्षांनी पाणी मुरू न देणारा फवारा मारायचा. ज्याला याचा कंटाळा आहे त्यानं कापडाच्या वाटेला जाऊ नये. व्हिनाइल ओल्या फडक्यानं पुसलं की झालं.

व्हिनाइलची पारख घरी होते. विक्रेत्याकडून तळहाताएवढा तुकडा मागून घ्या, घडी घालून कपड्याच्या चिमट्यात अडकवा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. (आमच्याकडे तो किसलेल्या खोबऱ्याच्या पिशवीला टेकून होता आणि त्यावर घरात बरीच चर्चा झाली.) सकाळी उलगडल्यावर घडीवर पांढरी रेघ राहिली तर तो माल परत करा.

मागची पारदर्शक काच दोन्ही प्रकारांत बहुधा प्लॅस्टिकचीच असते. व्हिनाइलला ती उष्णतेनं जोडता येते, म्हणजे तिथे सुईचं छिद्रच नाही. कापडाला ती शिवावी लागते. कोरड्या फडक्यानं पुसली की ओरखडे पडतात, आणि घरातल्या खिडक्या पुसायचं अमोनियाचं द्रव्य लावलं की ती धुरकट होते. कडक थंडीत हूड दुमडलं तर ती सरळ तडकते. दुमडताना मध्ये एखादा जुना मऊ पंचा घालावा. आणि हूड कुठल्याही मालाचं असो, ओलं असताना घडी करून ठेवू नये. बुरशीचे डाग निघत नाहीत.

पुण्या-मुंबईकडे जुन्या जीपला हूड शिवून घेणाऱ्यांसाठी एवढंच: सीट कव्हरवाला तेच सीटचं रेक्झिन टपाला वापरतो म्हणाला तर नको म्हणा. सीटच्या मालाला खालून विणलेलं अस्तर असतं, ते कडेनं पाणी शोषतं, आणि वरचा थर भर उन्हासाठी बनवलेला नसतो. मेण दिलेली सुती ताडपत्री जीपला शोभते. भिजली की तिचे धागे फुगतात आणि वीण घट्ट होते. पण चार महिने ओली राहिली तर ती कुजते, म्हणून पावसाळ्यात गाडी शेडखाली हवी. कोकणात आणि गोव्यात बटणं पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. लोखंडी बटणांचा गंज कापडात उतरतो.

माझी एमजीबी तिन्ही बाजूंनी उघड्या पत्र्याच्या छपराखाली राहते आणि उन्हाळ्यात जवळजवळ रोज टप उघडला जातो. म्हणून मी पुन्हा व्हिनाइलच घेतलं, पण जाड आणि चांगल्या प्रतीचं. कारखान्यातूनही ही गाडी व्हिनाइलचं हूड घेऊनच निघत असे. उरलेल्या पैशांत निवारीचे पट्टे आणि पुढचं रबर नवं घातलं. या वेळी माल आधी उन्हात पसरून मऊ केला, मागची बाजू आधी अडकवली, मग टप बंद करून पुढच्या कडेला खडूची खूण केली आणि त्यानंतरच चिकटवलं. पुढचे काही आठवडे हूड उघडलंच नाही. गाडी बंद गॅरेजात राहत असेल, टप क्वचित उघडत असाल आणि हातात ब्रश धरायची तयारी असेल, तर कापड जरूर घ्या, जास्तीचे पैसे वाया जाणार नाहीत.

इंग्लंडात हे काम मे ते ऑगस्टमध्येच करून घ्या. त्या दिवसांत चांगल्या कारागिराकडे रांग असते, तेव्हा मार्चमध्येच नंबर लावा आणि आधी सांगाडा तपासून द्यायला सांगा.