एकाचे सांधे, साऱ्या घराची तपासणी

गोठा असलेल्या घरात कुणाला आठवडेच्या आठवडे ताप येत-जात राहिला, रात्री अंथरूण घामाने भिजू लागलं आणि जोडीला कंबर, खुबा किंवा गुडघा धरला, तर वाताचं दुखणं म्हणून ते अंगावर काढू नका. आमच्या घराने हे भोगलंय, म्हणून कळकळीने सांगतो.

आधी दादाची कंबर धरली. टायफॉइडचे उपचार झाले. मग मणक्यात दोष दिसला, तेव्हा क्षयाचा संशय आला. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गोठ्यात एखादी गाय गाभडली होती का?” गाभडली होती, सातव्या महिन्यात. वार अडकली होती, ती दादाने उघड्या हातांनी ओढून काढली होती. रक्त तपासलं आणि ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा आजार निघाला. बाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला लावलं. वहिनीचा सुजलेला गुडघा आणि पुतण्याचं लंगडणं, दोन्हीच्या मुळाशी तोच जंतू होता.

हा आजार माणसाकडून माणसाला क्वचितच होतो. पण घरातले सगळे एकाच गोठ्यात वावरतात, एकाच गाईचं दूध पितात. म्हणून घरात एक रुग्ण सापडला की बाकीच्यांचीही तपासणी झालीच पाहिजे.

नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी हे सांधे बरे होत नाहीत. मोठ्या माणसांना साधारण 6 आठवडे दोन प्रतिजैविकं एकत्र घ्यावी लागतात. मणक्यात जंतू शिरला असेल तर उपचार 3 महिने किंवा त्याहून जास्त चालतात. लहान मुलांची आणि गरोदर बाईची औषधं वेगळी असतात. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका, आजार उलटतो.

आता गोठ्याचं. निरसं दूध कुणालाही देऊ नका, गाईचं असो वा शेळीचं, उकळलेलंच प्या. जनावर गाभडलं तर हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय गर्भ, वार किंवा स्रावाला हात लावू नका. गरोदर बाईने आणि मुलांनी तिकडे फिरकू नये. गर्भ आणि वार चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका. ते जनावर वेगळं बांधा आणि पशुवैद्यकाकडून त्याचं रक्त तपासून घ्या. नवीन जनावर आणतानाही आधी तपासणी, मग व्यवहार.

गाय-म्हशीच्या मादी वासरांना 4 ते 8 महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच या आजाराची लस द्यायची असते. 2019 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारतर्फे दिली जाते. लसीत जिवंत जंतू असतात, म्हणून ती पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांकडूनच टोचून घ्या.

बाधित गाय गुपचूप बाजारात विकू नका. ती ज्या घरी जाईल, तिथल्या माणसांचेही सांधे धरतील. आणि दवाखान्यात गेलात की विचारण्याची वाट न पाहता आधी सांगा: आमच्याकडे जनावरं आहेत, आणि गाय गाभडली होती.